बैठ्या जिवाची ओळख

पाटी-पेन्सिलीवर शिकलेल्या वाचकांना एक लहानशी डबी आठवत असेल. पत्र्याची, कडेने गंजलेली, आणि आत भिजवलेला स्पंजाचा तुकडा. डबी घरी विसरली की थुंकीने पाटी पुसावी लागे, आणि ते मास्तरांनी पाहिले तर विद्येचा अपमान केला म्हणून हातावर छडी बसे. पोस्टात तिकिटे भिजवायला आणि बँकेत रोखपालाच्या बोटांना ओल द्यायलाही हाच स्पंज बशीत बसलेला असायचा. त्यातला पुष्कळसा पुढे रबराचा येऊ लागला; पण नाव आले होते समुद्रातून, आणि मूळची वस्तूही. खरा स्पंज म्हणजे एका प्राण्याचा सांगाडा. आपण ज्याने अ-आ पुसले तो कधीकाळी समुद्राच्या तळाशी बसून खात-पीत होता, हे मास्तरांनी सांगितले नाही. त्यांना तरी कोणी सांगितले होते!

हे सारे आठवायचे कारण असे झाले. माझ्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर मुंबईतल्या आपल्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची पेटी मांडली आहे. दोन केशरी-पांढरे मासे, एक शंखातला खेकडा आणि भोकाभोकांचे काही दगड, एवढाच संसार. गेल्या पावसाळ्यात त्या दगडांच्या खालच्या, अंधाऱ्या बाजूला पांढरे काहीतरी उगवले. आधी तांदळाच्या दाण्याएवढे, मग लहान बोराएवढे. आकार सुरईचा आणि तोंडाशी केसांचा बारीक मुकुट. कोणी आणले नव्हते, कोणी सोडले नव्हते. वहिनींचे मत पडले की ही बुरशी, आणि ती खरवडून टाकावी. स्नेह्यांना वाटले, गोगलगाईची अंडी. त्यांचा नातू म्हणाला, ही फुलाची कळी आहे, उद्या उमलेल. तिघांनी पंच म्हणून मला बोलावले. मी पडलो जुनी पुस्तके चाळणारा माणूस. पण पाहताक्षणी एवढे कळले की ज्या वादात मला ओढले होते तो त्या घरातला नव्हता. तो तेवीसशे वर्षांचा जुना होता. वनस्पती की प्राणी? जिवंत की मेलेले?

हा वाद प्रथम नोंदवून ठेवला तो ॲरिस्टॉटलने, इ. स. पू. चौथ्या शतकात. ग्रीक लोकांना स्पंज घरोघरी लागे. अंग धुवायला, मेजे पुसायला, आणि अगदी बारीक विणीची एक जात शिरस्त्राणाच्या आत अस्तर म्हणून, घावाचा दणका कमी व्हावा यासाठी. समुद्रात बुडी मारून तो काढणाऱ्यांचे म्हणणे असे की स्पंजाला स्पर्श कळतो. चाहूल न देता तोडला तर सहज निघतो. त्याला कळले की तो अंग आखडून खडकाला अधिकच चिकटतो. ॲरिस्टॉटलने हे लिहिले आणि लगेच पुढे प्रामाणिकपणे जोड दिली की टोरोनी गावच्या लोकांना मात्र हे मान्य नाही. या टोरोनीकरांविषयी मला फार आपुलकी वाटते. जगातल्या एवढ्या मोठ्या पंडितापुढे ‘आम्ही रोज पाहतो, तसे काही नसते’ असे सांगणारे गाव प्रत्येक शास्त्राच्या वाट्याला यावे.

पुढली दोन हजार वर्षे वाद तसाच लोंबकळत राहिला. साऱ्या सृष्टीची वंशावळ मांडणाऱ्या लिनियसनेही स्पंज आधी वनस्पतींत घातला, आणि १७६७ सालच्या आवृत्तीत उचलून प्राण्यांत आणला. त्याचे मन वळवणाऱ्यांत लंडनचा एक व्यापारी होता, जॉन एलिस. दुकानदारी सांभाळून हा गृहस्थ समुद्रकाठच्या वस्तू भिंगाखाली पाही. लिनियसचाच शिष्य सोलँडर याला सोबत घेऊन त्याने ताजे स्पंज पाण्यात ठेवून पाहिले, आणि १७६५ साली कळवले की त्यांच्या अंगावरच्या भोकांतून पाणी आत-बाहेर जाते. निरीक्षण बरोबर, अर्थ चुकला. त्याला वाटले, आपल्या नाकपुड्यांतून श्वास जा-ये करतो तसे एकाच भोकातून पाणी आत जाते आणि परत येते.

ही चूक दुरुस्त व्हायला साठ वर्षे लागली. ती करणाऱ्या माणसाची कथा जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

रॉबर्ट ग्रँट हा एडिंबरोचा डॉक्टर. वैद्यकी शिकला, पण रोग्यांत मन रमले नाही. रमले ते फोर्थच्या खाडीत ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांत. गावापासून जवळ असलेल्या प्रेस्टनपॅन्सला समुद्रकाठी घर घेऊन तो हिवाळ्यातल्या गारठ्यातही डबकी धुंडाळीत असे. १८२५ च्या सुमारास त्याने एक लहान स्पंज घड्याळाच्या काचेत खाऱ्या पाण्यात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या एका मोठ्या भोकावर नजर लावून बसला. भोकातून पाण्याची धार सुटलेली होती. त्याने वाट पाहिली. आता थांबेल, आता उलटी फिरेल. धार थांबेना, फिरेना. एलिसच्या म्हणण्याप्रमाणे तिने परत आत यायला हवे होते. ग्रँट पाहत राहिला; डोळा थकला, पण कारंजे थकले नाही.

मग त्याने ते डोळ्यांना दिसेल अशी युक्ती केली. उथळ भांड्यात स्पंज ठेवून वर जेमतेम बुडेल एवढेच पाणी घेतले आणि पाण्यावर खडूची पूड भुरभुरली. पुडीने प्रवाहाचा मार्ग दाखवला. भोकांवर बुचाचे आणि कोरड्या कागदाचे कपटे सोडले, तर ते इतक्या जोराने सरकू लागले की दहा फुटांवरून दिसावेत. दोन स्पंज दोन इंचांच्या अंतराने तोंडास तोंड लावून ठेवले. समोरासमोर मोर्चे बांधलेल्या तोफांसारखा त्यांनी एकमेकांवर आपापल्या पोटातल्या गाळाचा मारा केला. यातून त्याने निर्विवाद ठरवले की पाणी अंगभर पसरलेल्या बारीक रंध्रांतून आत जाते आणि मोठ्या मुखांतून बाहेर पडते. येण्याचे दार वेगळे, जाण्याचे वेगळे. स्पंजांच्या संघाला शास्त्रात आजही ‘पोरिफेरा’, म्हणजे रंध्रे वाहणारे, म्हणतात. ते नाव ग्रँटचेच. पाण्याला ढकलणारी शक्ती कोणती, हे मात्र त्याच्या सूक्ष्मदर्शकाला दिसले नाही. हलणारे बारीक तंतू असले पाहिजेत, एवढा कयास त्याने केला, आणि तो खरा निघाला.

या खडकांवरच्या भटकंतीत ग्रँटबरोबर सतरा-अठरा वर्षांचा एक विद्यार्थी असे. वडिलांनी डॉक्टर व्हायला पाठवलेला, शस्त्रक्रिया पाहून पळून आलेला हा मुलगा म्हणजे चार्ल्स डार्विन. गुरूने त्याला किनाऱ्यावरचे जीव पाहायला शिकवले. (१८२७ च्या मार्चमध्ये शिष्याचा एक लहानसा शोध गुरूने तीन दिवस आधी दुसऱ्या सभेत मांडून टाकला, विद्यापीठे कुठलीही असोत, चाली त्याच.) पुढे डार्विन जगाचा झाला. ग्रँट लंडनला प्राध्यापक झाला आणि १८७४ साली मरेपर्यंत, सुमारे सेहेचाळीस वर्षे, त्याच जागेवर तुटपुंज्या मिळकतीत व्याख्याने देत राहिला. स्पंजाच्या एका वंशाला मात्र त्याच्या मित्राने १८२८ सालीच ‘ग्रँटिया’ असे नाव देऊन ठेवले होते.

आता गोष्ट मुंबईला येते, आणि ओढूनताणून नव्हे. हेन्री जॉन कार्टर हा कंपनी सरकारच्या लष्करातला डॉक्टर १८४२ साली मुंबईला आला. मध्ये दोन वर्षे ‘पॅलिनुरस’ या मोजणीच्या जहाजावर अरबस्तानच्या किनाऱ्याने हिंडून आला. पश्चिम हिंदुस्थानच्या खडकांवरचे निबंध एकत्र करून १८५७ साली ग्रंथ काढला. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेची चिटणिशी केली. त्या काळी मुंबई बेटावर गोड्या पाण्याचे तलाव पुष्कळ होते. पावसाळ्यात भरत, उन्हाळ्यात आटत. आटलेल्या तलावाच्या दगडांवर आणि काटक्यांवर राखाडी, पांढरे, ठिसूळ पापुद्रे धरलेले दिसत. जाणारा-येणारा त्याला वाळलेले शेवाळ समजे. कार्टरने ते उचलले. ते स्पंज होते. स्पंजांच्या थोड्या जाती गोड्या पाण्यातही राहतात. १८४९ साली छापलेल्या निबंधात त्याने मुंबईतल्या अशा पाच जाती वर्णन केल्या.

त्या पापुद्र्यांत खसखशीसारख्या गोळ्या भरलेल्या असत. उन्हात महिनोन्‌महिने करपलेल्या त्या गोळ्या पाण्यात टाकल्या की थोड्याच दिवसांत त्यांच्या एका बारीक छिद्रातून काचेसारखा पारदर्शक जीव बाहेर पसरे: नवा स्पंज. आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटू नये. मृगाच्या सरीबरोबर कोरड्या डबक्यात बेडूक कुठून येतात हे आपण लहानपणापासून पाहतो. पण कार्टरला या कोवळ्या स्पंजात दुसरेच काही सापडले. त्याचे अंग इतके पातळ की आतला सारा कारभार दिसावा! त्याने पाण्यात किरमिजी रंगाची अगदी बारीक पूड सोडली. लाल कण कातडीवरच्या रंध्रांतून आत शिरले, लहान लहान पिशव्यांत पोचले. त्या पिशव्यांना आतून हलत्या केसांच्या पेशींचे अस्तर होते, आणि त्या पेशी ते कण गिळत होत्या. उरलेले एका नळीतून बाहेर. ग्रँटला न दिसलेले यंत्र कार्टरला मुंबईच्या तलावातल्या पाण्यात, घड्याळाच्या काचेत दिसले. हा निबंध १८५७ चा. उत्तरेत त्या वर्षी काय पेटले होते हे सांगायला नको. आणि हा लष्करी डॉक्टर स्पंजाला जेवू घालीत होता. मनुष्यस्वभाव म्हणतात तो हा.

१८६२ साली कार्टर निवृत्त होऊन डेव्हनमधल्या बडली साल्टर्टन या आपल्या जन्मगावी गेला, आणि १८९५ साली मरेपर्यंत जगभरचे वाळलेले स्पंज तिथे ओळखत बसला. मुंबईच्या एका जातीला ‘कार्टरी’ हे नाव तेवढे त्याच्यामागे राहिले.

स्पंज प्राणी आहे हे ठरले. पण समुद्रातला जीव घरात, काचेत, दिवसेंदिवस जिवंत ठेवता येतो हे ठरायचे होते. ते प्रोफेसरांनी केले नाही. एका बाईने केले, आणि तिच्या मोलकरणीने.

ॲना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या एका धर्माधिकाऱ्याची बायको. १८४६ च्या शरद ऋतूत टॉर्कीच्या किनाऱ्यावर तिला जिवंत प्रवाळ मिळाले आणि तिने ते बरणीत घालून लंडनला आणले. समुद्र दूर. प्रवाळाभोवती सगळीकडून पाणी खेळावे म्हणून तिने ते सुई-दोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाके घालून बसवले. म्हणजे घरगुती मत्स्यालयाच्या पहिल्या प्रकरणातच स्पंज आहे, पण मेलेला, गादी म्हणून! पाणी पुन्हा पुन्हा आणणे परवडेना, तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीशी उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असे अर्धा-पाऊण तास ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते, ही तिची रीत. आपल्याकडे तापलेले दूध निववताना करतात तसे. ओतणारी अर्थात ती स्वतः नव्हे. घरातली एक लहान कामवाली मुलगी. काम दमवणारे खरे, पण मुलीला त्यात गंमत वाटे, असे बाईंनी पुढे लिहिले. मुलीला काय वाटे हे मुलीने लिहिलेले नाही. तिचे नावही बाईंनी दिले नाही. जगातली सगळी मत्स्यालये आज ज्या यंत्राच्या घरघरीवर जगतात, ते यंत्र आधी त्या पोरीचे दोन हात होते.

पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्रवनस्पती सोडल्या आणि तिचा भार बराच हलका झाला. बाईंचा निबंध १८५९ साली, ज्या लंडनच्या नियतकालिकात कार्टरचे मुंबईचे निबंध येत त्यातच आला. तोवर ही हौस घरोघर गेली होती. काचेवरचा कर १८४५ सालीच उठला होता. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. फिलिप गॉस याच्या १८५४ च्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोचवला. लोक हातोडी-छिन्नी घेऊन किनाऱ्यावर लोटले. गॉसच्याच मुलाने १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात खंत केली आहे की ती सुंदर डबकी या हौशी झुंडींनी ओरबाडून नेली, आणि आपल्या वडिलांच्या पुस्तकांनीच त्यांना वाट दाखवली.

त्या धामधुमीत एक साधा माणूस मुद्द्याचे बोलत होता. विल्यम ॲल्फर्ड लॉइड हा पुस्तकबांधणीच्या धंद्यातला, नंतर मत्स्यालयाचे सामान विकणारा. त्याचे म्हणणे असे की दिसणाऱ्या पेटीपेक्षा न दिसणारे पाणी महत्त्वाचे. १८६४ साली हॅम्बर्गला आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला त्याने जमिनीखाली मोठे अंधारे हौद बांधून ते पाणी पंपाने पेट्यांतून अखंड फिरते ठेवले. स्पंजाला जे हवे असते ते हेच: हलते पाणी.

याच दशकात एड्रियाटिक समुद्रातल्या ह्वार बेटावर ऑस्कर श्मिट या प्राध्यापकाने स्पंजाची लागवड करून पाहिली. तिथल्या तारखात्यातला एक हौशी कारकून, बुकिच, ते काम पाहत असे. उसाच्या कांड्या लावाव्यात तसे जिवंत स्पंजाचे तुकडे कापून लाकडी चौकटींना खुंट्यांनी ठोकायचे आणि समुद्रात सोडायचे. तुकडे जगले, वाढले. पण लाकूड पोखरणाऱ्या किड्याने चौकटी खाल्ल्या, आणि आपला धंदा बुडेल या धास्तीने कोळ्यांनी उरलेल्याचा विध्वंस केला. १८७२ साली प्रयोग थांबला.

तुकडा लावला तर वाढतो. मग आणखी बारीक केला तर? अमेरिकेत बोफोर्टच्या प्रयोगशाळेत विल्सन नावाच्या प्राध्यापकाने १९०७ साली जिवंत लाल स्पंज बारीक रेशमी कापडात घालून श्रीखंडाचा चक्का गाळावा तसा पिळून काढला. पाण्यात लाल ढग उतरला; निव्वळ सुट्या पेशी. त्या तळाशी बसल्या, सरपटू लागल्या, एकमेकींना भेटून गोळे झाल्या, आणि दिवसांमागून त्या गोळ्यांतून पुन्हा रंध्रे, नळ्या, मुखे असलेले स्पंज उभे राहिले. दुसऱ्या कुठल्या प्राण्याला असे गाळून पाहावे!

मग एवढा चिवट जीव दिवाणखान्यातल्या पेटीत का मरतो? मरतो तो बहुधा उपाशी, आणि हळूहळू. म्हणून कळत नाही. दहा सेंटीमीटर उंच आणि एक सेंटीमीटर जाड अशा एका लहान स्पंजातून दिवसाला साडेबावीस लिटर पाणी जाते असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. समुद्राच्या एवढ्या पाण्यात त्याला जंतू आणि डोळ्यांना न दिसणारे कण मिळतात. पेटीतले पाणी मालक गाळून गाळून नितळ ठेवतो, आणि जे पाणी पाहुण्यांना स्वच्छ दिसते तेच स्पंजाला दुष्काळ. दुकानातला लाल किंवा केशरी, झाडासारखा फाटे फुटलेला स्पंज पाहून मोह होतो. तो बहुधा खोल, सावलीतल्या पाण्यातला असतो. प्रखर दिव्याखाली त्याच्यावर शेवाळ चढते, रंध्रे बुजतात, आणि काही महिन्यांत अंगावर पांढरे चट्टे पडून तो सडू लागतो. सडलेला भाग ताबडतोब कापून काढावा; नाही तर पाणी नासून मासेही जातात. उलट निळसर-जांभळ्या पातळ पानांसारख्या काही जातींच्या अंगात हरित सूक्ष्मजीव राहत असल्याने त्यांना उजेड हवा असतो. आणि एक नियम पाळावा: खोल पाण्यातला स्पंज पाण्याबाहेर काढू नये. नळ्यांत हवा अडकली की ती निघत नाही, आणि तेवढा भाग गुदमरून मरतो. एका पेटीतून दुसरीत नेताना पाण्याखालीच वाडग्यात घ्यावा. माशांच्या रोगावर तांबे असलेले औषध घालतात, तेही याला विष.

विकत आणलेले हट्टाने मरतात आणि न आणलेले फोफावतात, हा या छंदातला नेहमीचा अनुभव. याला कारण एका चिनी वंशाच्या इंडोनेशियन गृहस्थाची युक्ती. जकार्ताच्या ली चिन एंग याने १९६१ साली लिहिले की यंत्रांची गर्दी कशाला? समुद्रातून जीवजंतू लागलेले दगड तसेच पेटीत घाला आणि हवेचे बुडबुडे सोडा. दगडच पाणी राखतील. ही रीत पुढे जगभर गेली. दगडाबरोबर त्याच्या फटींतले बिऱ्हाडही आले, आणि त्यात स्पंज. ते फुकट जेवत नाहीत. २०१३ साली कुरासाओ बेटावरच्या प्रयोगांतून दिसले की काही स्पंज पाण्यात विरघळलेले अन्नद्रव्य, जे दुसऱ्यांना खाताच येत नाही, ते शोषतात आणि त्याचे आपल्या टाकाऊ पेशींत रूपांतर करून खाली सोडतात. ते किडे-खेकडे खातात. पेटीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात हेच चालते.

तेव्हा स्नेह्यांच्या पेटीतला पाहुणा कोण, ते ठरवायचे होते. दुकानातले चित्रांचे पुस्तक या कामी फसवते. एकच जात प्रवाहाप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे निरनिराळा आकार घेते, आणि रंगही बदलते. शिवाय ‘समुद्रपिचकारी’ म्हणता येईल असा एक निराळाच प्राणी अगदी स्पंजासारखा दिसतो. पण त्याला दोन तोंडे असतात आणि बोट लागताच तो चट्‌कन मिटतो. स्पंज असा मिटत नाही. (हळूहळू मात्र आखडतो. २०२२ साली एका स्पंजाची शिंक मोजली, तर ती वीस ते पन्नास मिनिटे चालली. म्हणजे ॲरिस्टॉटलचे बुडी मारणारेही खोटे नव्हते आणि टोरोनीकरही. घाई तेवढी माणसांची.) उघड्या बोटाने चाचपू मात्र नये, काही स्पंजांनी हाताची दिवसेंदिवस आग होते.

खरी ओळख सांगाड्यात असते. पाटीच्या स्पंजाचा सांगाडा मऊ तंतूंचा. पुष्कळ जातींचा मात्र काचेच्या किंवा चुन्याच्या बारीक काट्यांचा. स्नेह्यांच्या पेटीत तळाला एक सुरई आपोआप गळून पडली होती. ती आम्ही कपडे पांढरे करायच्या पाण्यात घातली. मांस विरले, तळाशी पांढरी पूड राहिली. ती साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली (हे धुणे अत्यावश्यक, त्या पाण्यात आंबट पडले तर विषारी वायू सुटतो), आणि नातवाच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्रिशूळ दिसले. शेकडो, स्वच्छ, तीन टोकांचे. मग शिरक्याचा थेंब सोडला. बुडबुडे आले आणि त्रिशूळ विरघळले. म्हणजे काच नव्हे, चुना. हा ‘सायकॉन’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ अंजीर. ग्रँटच्या नावाचा ‘ग्रँटिया’ त्याचा जवळचा भाऊबंद. तो निरुपद्रवी; नव्या पेटीत झपाट्याने वाढतो आणि अन्न कमी झाले की आपणहून ओसरतो. चुन्याच्या सांगाड्याचे सारे स्पंज २००१ साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घातले गेले. तेव्हा किनाऱ्यावरून उचलून आणायचा तो नव्हे.

वहिनींचे समाधान मात्र पुडीने झाले नाही. मेलेल्याचे काटे दाखवता, जिवंत आहे कशावरून? प्रश्न रास्त होता. मग दोन सुरया लागलेला दगडाचा लहानसा तुकडा पाण्याखालीच वाडग्यात घेऊन वर काढला. नातवाने खडूची चिमूटभर पूड पाण्यात कालवून थेंबाने सुरईच्या कुशीशी सोडली, आणि भिंग धरले. काही क्षण पूड तशीच तरंगत राहिली. मग मुकुटाच्या मधोमध पांढऱ्या कणांचा एक बारीक धागा सरळ वर चढू लागला आणि चढतच राहिला. पोरगा ओरडला. वहिनी चष्मा वर-खाली करीत बराच वेळ वाडग्यावर वाकून होत्या.

“भावजी,” त्या शेवटी म्हणाल्या, “एवढंसं तोंड, आणि दिवसभर हेच चाललेलं. याला पोटभर मिळतं तरी का हो आमच्याकडे?” आणि खरवडायची सुरी त्यांनी परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.